वायर धरून ठेवल्याबद्दल

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर टाकी धुण्याची सूचना आणि पार्किंगचे स्टिकर यांच्या मधोमध कार्यकारिणीच्या सभेचं इतिवृत्त लागलंय. मुद्दा क्रमांक ७ असा: 'बी विंगच्या कॅमेऱ्यांचे चित्र ऑफिसात दिसत नव्हते. मा. खजिनदारसाहेबांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्याने ते दिसू लागले. सभेने टाळ्या वाजवून त्यांचे अभिनंदन केले. वायर धरून ठेवल्याबद्दल ३०२ च्या सभासदांचेही आभार.'

३०२ म्हणजे मी. वायर धरली होती हे खरं आहे. दीडेक मिनिट. खजिनदार काकांची चप्पल स्टुलाखाली गेली होती, म्हणून. उरलेले तीन तास अठ्ठावन्न मिनिटं मी काय करत होतो, याबद्दल इतिवृत्त मौन बाळगून आहे.

मामला एवढाच. ए विंगच्या ऑफिसात एक राऊटर. बी विंगच्या वॉचमन केबिनमध्ये दुसरा, त्याच्यामागे सोळा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. मधे पोडियमच्या छतातून नेलेली सत्तर मीटर केबल. ती शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, तेव्हा तिच्यावर आळ घेण्यात अर्थ नव्हता. राऊटरला स्वतःच्या दाराशी जोडलेली नेटवर्कं तेवढी कळतात, बाकीचं सगळं तो 'डिफॉल्ट' वाटेने बाहेर भिरकावतो. समोरच्या विंगमधला कॅमेरा मागितला तर तो ती मागणी इंटरनेट कंपनीच्या दारात नेऊन टाकतो आणि ती तिथेच मरते. म्हणून त्याला हाताने सांगायचं, की बाबा रे, अमुक नेटवर्कला जायचं तर तमुकाच्या हाती दे. यालाच स्टॅटिक रूट म्हणतात. चार रकाने भरायचे, सेव्ह दाबायचं.

पण आधी वेगळंच निस्तरावं लागलं. दोन्ही राऊटर स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होते. घरगुती वापराचे हे पत्ते १९९६ साली ठरले, कुणीही वापरावेत असेच ठरले, आणि आता निम्म्या मुंबईचा पत्ता 'मारुतीच्या देवळासमोर' असावा तशी गत आहे. दोन्हीकडे तेच नेटवर्क असलं की रूट लिहून उपयोग नाही. राऊटरला वाटतं, हे तर माझ्याच घरात आहे. मग बी विंगचं नेटवर्क १९२.१६८.२.० केलं. त्या राऊटरच्या बाहेरच्या तोंडाला १९२.१६८.१.२ हा कायमचा नंबर दिला, तोही ऑफिसचा राऊटर जे नंबर आपणहून वाटतो त्यांच्या बाहेरचा, नाहीतर एके दिवशी कुणाच्या तरी फोनला तोच नंबर मिळतो आणि दोघंही भांडत बसतात. एनएटी, म्हणजे आतले सगळे नंबर बाहेरच्या एकाच नंबरामागे लपवणं, बंद केलं. ते चालू राहिलं तर आतलं घर बाहेरून दिसतच नाही. आणि फायरवॉलमध्ये ऑफिसच्या नेटवर्कला आत यायची परवानगी दिली.

एवढं होईतो खजिनदार काका खुर्ची घेऊन आले. काका आर.एम.एस.मधून, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेतून निवृत्त. चालत्या गाडीत रात्र रात्र पत्रं वाटणीच्या खणांत टाकण्यात हयात गेली. त्यामुळे 'वाट' हा शब्द ऐकताच त्यांना आपला अधिकार जाणवला.

"पत्ता लिहिलास?"

"लिहिला. १९२.१६८.२.०."

"शून्य? शून्य नंबरात कोण राहतं?"

"कुणी नाही, काका. हा घराचा नंबर नाही, अख्ख्या गल्लीचा आहे."

हे मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे. पहिल्या रकान्यात लोक हमखास रेकॉर्डरचाच नंबर टाकतात, २.५० (सुरुवातीचं १९२.१६८ सगळीकडे तेच, म्हणून सोडतो). खाली मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर राऊटर लाल अक्षरांत 'चुकीचं' एवढंच म्हणतो, का ते सांगत नाही. त्या मास्कला शेवटचा आकडा शून्यच लागतो.

"मास्क कशाला? करोना गेला ना?"

हा विनोद त्यांचा त्या सकाळचा तिसरा प्रयोग होता. मी हसलो नाही म्हणून त्यांनी तो वॉचमनला ऐकवला. वॉचमन हसला. त्याचा पगार काकांच्या सहीने निघतो.

"काका, पिनकोडचे पहिले तीन आकडे बघून पोतं ठरायचं ना? मास्क तेच सांगतो. किती आकडे बघायचे ते."

इथे मी चूक केली. काका खुर्चीत ताठ बसले. "पिनकोड! १५ ऑगस्ट १९७२ ला आला. सहा आकडे. चारशे दिसलं की मुंबई. पुढचे तीन पोस्टाचे. आपलं गिरगाव चार शून्य शून्य शून्य शून्य चार. आता तू मला सांग, एका पत्राला दोन पोती लागू पडली तर तुझं यंत्र काय करतं?"

"तुम्ही काय करायचात?"

"ज्याचे जास्त आकडे जुळतील ते पोतं. हे काय विचारणं झालं?"

मी गप्प झालो. राऊटर अगदी हेच करतो. डिफॉल्ट रूट म्हणजे ०.०.०.०, एकही आकडा न बघणारं पोतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी. काकांनी ते एका श्वासात सांगितलं होतं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटणार इतक्यात ते म्हणाले, "पण तुझ्या मास्कात २५५ च का? ४०० का नाही?"

"आठ बिटांत २५५ च्या वर जाता येत नाही."

"म्हणजे मुंबई यात बसतच नाही!" त्यांनी वॉचमनकडे बघितलं. "तरी मी म्हटलं चालत का नाहीये."

पुढचा रकाना गेटवेचा, म्हणजे ज्याच्या हाती द्यायचं त्याचा. तिथे १.२ लिहायचं, बी विंगच्या राऊटरचा आतला नंबर २.१ नाही. ऑफिसच्या राऊटरला हात लांबवून जो गाठता येतो त्याचाच नंबर. २.१ लिहिणं म्हणजे किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावणं. इंटरफेस विचारला तर लॅन, म्हणजे आतली बाजू; वॅन, म्हणजे इंटरनेटची बाजू नव्हे. शेवटी मेट्रिक, म्हणजे वाटेची पसंती ठरवणारा आकडा, तिथे १.

"राऊटरला पण मॅट्रिक लागतं? आणि एकच मार्क?"

"काका, प्लीज."

"बरं, पुढे रस्ता बंद असला तर?"

"तरी तिकडेच पाठवतो." हा स्टॅटिक रूटचा खरा दुर्गुण. पलीकडचा राऊटर मेला तरी याला पत्ता नसतो. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. आपण येऊन खोडेपर्यंत हा ट्रामनेच जा म्हणत राहील.

"मग बंद करून चालू कर," काका म्हणाले. हे ते दहा वाजल्यापासून म्हणत होते.

ऑफिसच्या संगणकावरही मी तोच रूट वेगळा लिहिला, 'रूट -पी ॲड' करून. त्यातला -पी विसरलात तर संगणक बंद होताच वाट पुसली जाते. मग पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारून बघितली. २.१ उत्तर देतोय. २.५० गप्प. 'अनरीचेबल' आलं असतं तर बरं होतं, वाटेत कुणीतरी 'इथून जाता येत नाही' म्हणालं असतं. 'टाइम्ड आउट' म्हणजे पत्र बहुधा पोचलंय, उत्तर परत येत नाही. दहातल्या नऊ वेळा दुखणं हेच असतं. जाण्याची वाट सगळे लिहितात, परतीची कुणाला आठवत नाही. रेकॉर्डरचा गेटवे अजून जुनाच होता, १.१. त्याच्या गल्लीत त्या नंबराचं आता कुणी राहत नव्हतं.

केबिनमध्ये गेलो, माउसने गेटवे २.१ केला, सेव्ह दाबलं. स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरांत आलं: रीस्टार्टनंतर लागू होईल. माझा हात स्विचकडे निघाला होता. पण मी वायर धरलेली होती, कारण चप्पल, आणि काका स्विचच्या जास्त जवळ होते.

दोन मिनिटांनी स्पीकरवर अध्यक्ष ओरडले, "आलं! सोळाच्या सोळा!"

काका माझ्याकडे वळून मायेने म्हणाले, "सांगत होतो ना तुला?"

दहा वाजता स्विच दाबला असता तर काहीही झालं नसतं, हे मी कुणाला पटवू? नळाचा वायसर बदलणारा पाचशे रुपये मोजून घेतो आणि कुणी हूं की चूं करत नाही. माझ्या वाट्याला 'तू काय, घरचाच', आणि पोहे, तेही थंड. बरं, कॅमेरे बघतं कोण? टॉवर व्हायच्या आधी इथे चाळ होती. तेव्हा गॅलरीत उभ्या असलेल्या आज्यांना कोण किती वाजता कुणाबरोबर आलं, हे एका रूटशिवाय कळायचं. आता सोळा डोळे आहेत आणि खजिनदारांच्या जागेत लागणारी पांढरी गाडी कुणाची, ते अजून कुणाला माहीत नाही.

कालपासून नवीन तक्रार आहे. अध्यक्षांच्या फोनवर, ऑफिसच्या वायफायवरून, चित्र दिसत नाही. पिंग जातं, चित्र काळं. काकांनी रेकॉर्डर तीनदा बंद-चालू केला.

कारण मला माहीत आहे. फोनची मागणी ऑफिसच्या राऊटरमार्फत बी विंगला जाते, पण उत्तर मधल्या मधे थेट फोनकडे येतं, कारण बी विंगच्या राऊटरचं बाहेरचं तोंड फोनच्याच गल्लीत आहे. ऑफिसच्या राऊटरला संभाषणाची एकच बाजू ऐकू येते, त्याच्या फायरवॉलला संशय येतो आणि ती पुढची पॅकेट टाकून देते. पिंगला असली चौकशी आड येत नाही. संगणकावर रूट वेगळा लिहिला होता तो याचसाठी. फोनवर तसं लिहिता येत नाही. दोन राऊटरांमधल्या केबलला ऑफिसच्या राऊटरचा वेगळा पोर्ट द्यायचा आणि दोनच नंबरांचं स्वतंत्र नेटवर्क, आमच्या भाषेत बाय तीस. मग उत्तरही ऑफिसच्या राऊटरमधूनच परत येईल. अर्ध्या तासाचं काम आहे.

पुढच्या सभेत आधी मागचं इतिवृत्त मंजूर करायचं असतं. तिथे दुरुस्ती सुचवता येते. मुद्दा क्रमांक ७ आला की मी हात वर करणार आहे. तोवर काकांनी स्विच दाबत राहावा. वायर धरायला मी येईन.