काका, फ्रेममधनं भाईर या!

बायको केक घ्यायला बेकरीच्या रांगेत उभी राहिली आणि मला म्हणाली, “तू तोवर वारसा बघून घे.” पणजीचं फोंतेन्हास, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या रंगीत घरांची वस्ती. मे महिना, सकाळचे साडेअकरा.

मी पिवळ्या भिंतीपुढे जेमतेम उभा राहिलो, तोच मागून आवाज आला, “काका, जरा फ्रेममधनं भाईर या की!” कोल्हापूरचा पोरगा, हातात परातीएवढा रिफ्लेक्टर. पुढे नवरी, तिच्या गाऊनची शेपटी शेजारच्या दारापर्यंत. मी निळ्या भिंतीकडे सरकलो. तिथे दुसरं जोडपं. लाल भिंतीकडे गेलो, तर पहिलंच जोडपं कपडे बदलून हजर! पोर्तुगीज अमलात पांढरा रंग म्हणे फक्त चर्चला, घरांना बाकी कुठलाही लावा. त्याची फळं आता आम्ही भोगायची.

म्हणून पांढऱ्या सेंट सेबॅस्टियन चॅपेलकडे वळलो. आतल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, मान ताठ आहे. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यातून तो इथे आला. हे मी घरून वाचून गेलो होतो. चॅपेलला कुलूप होतं.

जवळच्या एका रस्त्याचं नाव ३१ जानेवारी. १८९१ साली त्या दिवशी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राजाविरुद्ध उठाव झाला आणि फसला. फसलेल्या उठावाचं नाव रस्त्याला द्यायचं म्हणजे कमालच. आमच्याकडे निवडून आलेल्या नगरसेवकाच्या आजोबांचं देतात.

तेवढ्यात पोरगा धावत आला. “काका, तुमी हितलंच वाटताय. त्या पायरीवर बसा की निवांत, पेपर वाचत.” खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर कुठे बसा म्हणून कुणी आग्रह केलेला नाही. चपला काढल्या, मांडी घातली. पेपर मराठी होता म्हणून उलटा धरायला लावला. वीस मिनिटं उलटे अग्रलेख वाचले. फारसा फरक पडला नाही.

मागचं दार उघडलं. मॅक्सीतली एक आजी, हातात पोछ्याची बादली.

“हांगा कित्याक बसला?”

“त्यांनी बसवलंय,” म्हणून मी बोट दाखवलं. तिथे कुणी नव्हतं. सगळं लटांबर रिफ्लेक्टरसकट वळणापलीकडे गेलं होतं.

“खंयचो तूं?”

“पुण्याचा.”

“थंय तुजें घर आसा?”

“आहे.”

“पत्तो सांग.”

मी सांगितला. का सांगितला, देव जाणे. पिनकोडसकट सांगितला.

“थंय हांव येवन बसूं?”

“चौथा मजला आहे,” मी म्हणालो. “लिफ्ट आहे.” हे आमंत्रण होतं की बचाव, मलाही कळलं नाही.

“आनी आदीं?”

आधी वाडा होता. सदाशिव पेठेत, मधे चौक, हौद, अकरा बिऱ्हाडं. बिल्डरला दिला. सह्यांच्या कागदावर माझीही सही आहे. इमारतीच्या नावात त्याने ‘वाडा’ तेवढा ठेवलाय. हे सगळं मी परक्या बाईला, परक्या पायरीवर, उलटा पेपर मांडीवर घेऊन सांगत होतो.

आजींनी बादली खाली ठेवली. “आपलीं घरां मोडटात आनी आमचीं पळोवंक येतात.” पळोवंक म्हणजे बघायला.

यावर काय बोलणार? पण राग आलाच. अहो, मी एकही फोटो काढला नव्हता. माझाच काढला होता! तसं म्हणालोही. त्यांनी नुसतं माझ्या पाठीमागे बोट दाखवलं. मी ज्याला टेकून बसलो होतो ती पाटी होती. पायरीवर बसू नये, फोटो काढू नयेत, इथे माणसं राहतात. पाटी न वाचल्याबद्दल बोलणी खाणारा पुणेकर! पेठेत कळलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

मी तडक निघालो. बेकरीशी पोचल्यावर बायको म्हणाली, “अनवाणी का?”

परत गेलो तर आजींनी चपला फाटकाच्या खिळ्याला टांगल्या होत्या, पायरी धुवायला. हिरवं फाटक, त्यावर कोल्हापुरी जोड. दोन मुली त्याचे फोटो काढत होत्या. त्यांचं होईपर्यंत मी तापलेल्या दगडावर, एकदा या आणि एकदा त्या पायावर, फ्रेमच्या बाहेर उभा राहिलो.