भीती ओळखता येत नाही, की तिकडे लक्षच जात नाही? : निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार (वर्षानुवर्षं इतरांना फसवणं, दुखावणं, नियम मोडणं) असलेल्यांना दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही, असं मी लिहिलं. मग वसुलीला आलेला गुंड घाबरट दुकानदार बरोबर कसा हेरतो? आणि १४ वर्षांच्या भाच्याला मोबाइलवर सहा चेहरे दाखवले, त्याने भीतीला ‘आश्चर्य’ म्हटलं, तेव्हापासून घरात सगळे धास्तावलेत.

आधी भाच्याचं. हे निदान १८ वर्षांखालच्या कुणालाही देत नाहीत आणि चेहरे ओळखणं हा त्याचा निकषच नाही. भीती आणि आश्चर्य यांत गल्लत तर सगळ्यांचीच होते, कारण दोन्हींत भुवया वर जातात, डोळे विस्फारतात. भीतीत मात्र भुवया एकमेकींकडे ओढल्या जातात, खालची पापणी ताणते, ओठ आडवे खेचले जातात. आश्चर्यात भुवयांची नुसती कमान होते आणि जबडा सैल सुटतो. मोबाइलच्या बोटभर फोटोत एवढं दिसत नाही.

शिवाय एका भावनेचा एकच फोटो दाखवून काही कळत नाही. सहा पर्यायांत अंदाजानेही सहातला एक बरोबर येतो. नीट तपासायचंच तर प्रत्येक भावनेचे १० असे ६० चेहरे उलटसुलट क्रमाने दाखवावे लागतात, मध्ये ‘बरोबर, चूक’ सांगायचं नसतं. मोजतानाही जपावं लागतं. रागाचे दहाही चेहरे ओळखले, पण एकूण २५ वेळा ‘राग’ म्हटलं, तर गुण १०० टक्के नव्हेत, ४० टक्के, कारण त्या २५ पैकी १० च बरोबर होते.

आपल्याकडे भाषेचाही घोळ होतो. कन्नडात ‘असह्य’ म्हणजे किळस. मराठी घरातलं पोर तोच शब्द ‘सोसवत नाही’ असा घेतं आणि बोट ठेवतं दुःखावर. शब्द घरच्या भाषेतले हवेत आणि प्रत्येकाचा अर्थ आधी त्या मुलाकडूनच वदवून घ्यायला हवा.

आता गुंडाचं. इथे तुमचा आक्षेप रास्त आहे, माझं वाक्य फार सरसकट होतं. २००८ मध्ये २० अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा समाजविघातक वर्तनाच्या गटांत भीती ओळखण्यातली उणीव ठळक दिसली. पण ती गटाची सरासरी आहे, एकेका माणसाचं आंधळेपण नव्हे. २००६ च्या एका अभ्यासात निर्ढावलेल्या वृत्तीच्या मुलांना फक्त ‘डोळ्यांकडे बघ’ म्हटलं आणि तेवढ्यापुरती ती चूक भरून निघाली. म्हणजे क्षमता असते, नजर आपणहून तिथे जात नाही. सावज हेरायला तर चेहरा लागतच नाही. कॅनडातल्या कैद्यांच्या २०१३ च्या अभ्यासात सायकोपथीचे (थंड काळजाने, पश्चात्तापाशिवाय दुसऱ्याला वापरण्याच्या वृत्तीचे) गुण जास्त असलेल्यांनी नुसत्या चालीवरून कोण सहज बळी पडेल ते अधिक अचूक सांगितलं.

सायकोपथी आणि हा विकार एकच नव्हेत, हेही मी स्पष्ट लिहायला हवं होतं. निदान मुख्यतः वर्तनावरून होतं आणि असे बरेच जण थंड काळजाचे नसतात, भडक डोक्याचे असतात. धूसर, संदिग्ध चेहराही त्यांना रागावलेला वाटतो, आणि मग हात उठतो. त्यात वर्षानुवर्षांचं दारूचं व्यसन असेल, तर भावना ओळखणं त्यानेही बिघडतं.

भाच्याला पुन्हा फोटो दाखवत बसू नका, कृपा करून. मुक्या जनावरांना छळणं, चोऱ्या, मारामाऱ्या असं काही महिनोन्‌महिने चालू असेल तरच धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत दाखवा, आणि जाताना शाळेतल्या तक्रारी तारखांसह लिहून न्या.