वीस मिनिटांच्या उड्डाणामागची वर्षं

अग्नी-५ या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राच्या पहिल्या चाचणीचं (१९ एप्रिल २०१२) वर्णन तुमच्या लेखात मस्त जमलंय, पण सगळा भर त्या वीसेक मिनिटांच्या उड्डाणावर. खरं काम आधी आणि नंतर असतं हो! आदल्या दिवशी विजा चमकत होत्या म्हणून उड्डाण पुढे ढकललं, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. तेव्हा हिंदी महासागरात लक्ष्यापाशी थांबलेल्या जहाजांवरच्या लोकांनाही पुन्हा वाट बघत बसावं लागलं असणार. शेवटच्या टप्प्याची नोंद त्यांच्याच उपकरणांवर अवलंबून होती.

१९८९ चा उल्लेख तर हवाच होता. २० एप्रिलला ओडिशातल्या चांदीपूरला पहिल्या अग्नी क्षेपणास्त्राची उलटी मोजणी १४ सेकंदांवर येऊन संगणकानेच थांबवली. १ मेला पुन्हा तेच. पेपरवाल्यांनी आणि व्यंगचित्रकारांनी यथेच्छ टिंगल केली. २२ मेला ते उडालं.

आणि २००६ चं अग्नी-३? पहिल्याच उड्डाणात समुद्रात पडलं. टेलिमेट्रीचा (उड्डाणात क्षेपणास्त्राकडून आलेल्या नोंदींचा) कीस पाडल्यावर कळलं, की ज्वाळेचे गरम वायू उलटे फिरून बुडाच्या आवरणात शिरले आणि तिथली इलेक्ट्रॉनिक्स जळाली. एप्रिल २००७ मध्ये दुसरं अग्नी-३ नीट गेलं. मला विचाराल तर या मधल्या नऊ महिन्यांवर स्वतंत्र लेख व्हायला हवा. टाळ्या वाजवणाऱ्या कंट्रोल रूमचे फोटो काय, सगळीकडेच असतात.

बाकी, पुण्यातल्या डीआरडीओच्या (संरक्षण संशोधन संस्थेच्या) प्रयोगशाळांचंही यात काम आहे, ते का गाळलंत?