ती गोळी पोरांच्या मेंदूच्या पेशी जाळत नाही
काल ताईचा फोन आला, रडत होती. "मी माझ्याच हाताने पोराचा मेंदू जाळला का रे?" कुणीतरी तिला फॉरवर्ड पाठवलंय की एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा यासाठी, देतात ती मिथाइलफेनिडेटची गोळी म्हणजे कोकेनच, ती वाढत्या मेंदूच्या पेशी जाळते, उंची खुंटवते, आजच बंद करा. तिने डॉक्टरांना न विचारता चार दिवस भाच्याला गोळी दिलीच नाही. वहीत भागाकाराची तीन गणितं, तिन्ही दुसऱ्या पायरीवर सोडलेली, आणि खोडून खोडून पान फाटलेलं.

"पेशी जाळते" हे आलं कुठून? मेथअ‍ॅम्फेटामाइन नावाचं नशेचं ड्रग मोठ्या डोसमध्ये प्राण्यांच्या मेंदूत डोपामिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) सोडणारी पेशींची टोकं खराब करतं, हे खरंय. पण ते वेगळं औषध, वेगळा डोस. मिथाइलफेनिडेट पेशीने सोडलेलं डोपामिन परत आत ओढणारं दार अडवतं, म्हणजे ते थोडा जास्त वेळ बाहेर राहतं, बस. यात जळतं काय? आणि उंदरांवरच्या प्रयोगांत बऱ्याचदा हेच औषध पोटात टोचतात, ते एकदम चढतं, मुलांच्या गोळीसारखं हळूहळू नाही.

माणसांचं बघायचं तर फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांचा 2009 चा अभ्यास बघा. एडीएचडी असलेली 43 मुलं, 24 गोळी घेणारी, 19 न घेणारी, काही वर्षांच्या अंतराने एमआरआय. मेंदूचा बाहेरचा थर काही भागांत जास्त वेगाने पातळ झाला तो गोळी न घेणाऱ्यांचा! घेणाऱ्यांचा वेग साध्या मुलांसारखाच. अभ्यास छोटा आहे, गोळी कुणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे गोळीने मेंदू सुधारतो असं मी म्हणणार नाही. पण "जाळते" म्हणणाऱ्यांनी निदान एवढं तरी दाखवावं.

कोकेनचं म्हणाल तर दोन्ही तेच दार अडवतात, पण गोळी मेंदूत चढायला तासभर लागतो आणि नशेचा बराचसा खेळ त्या वेगातच असतो.

उंचीचं मात्र मान्य करावं लागतं. अमेरिकेत एडीएचडीच्या मुलांवर झालेल्या एमटीए नावाच्या मोठ्या अभ्यासात गोळी नव्याने सुरू केलेल्या मुलांची उंची तीन वर्षांत न घेणाऱ्यांपेक्षा साधारण 2 सेंटिमीटरने मागे पडली आणि ती सगळी भरूनही निघाली नाही. भूकही कमी होते. म्हणून तर उंची, वजन, बीपी मोजत राहायचं असतं.

ताई सोमवारी नोंदींची वही घेऊन डॉक्टरांकडे जातेय. ज्याने फॉरवर्ड पाठवला त्याला हे सगळं मी पाठवलंय, अजून उत्तर नाही.