२५२० चा मेसेज आणि रामानुजनांचं खरं काम

काल परत फॅमिली ग्रुपवर तो २५२० वाला मेसेज आला, फोंड्याच्या मामांनी टाकला आणि म्हापशाच्या मावशीने लगेच पुढे पाठवला. १ ते १० सगळ्या आकड्यांनी भाग जाणारी ही जगातली एकच संख्या, अशी संख्या असणं गणितज्ञांना अशक्य वाटायचं, रामानुजननी ती शोधली, आणि रहस्य काय तर आठवड्याचे ७ दिवस गुणिले महिन्याचे ३० गुणिले वर्षाचे १२ महिने. मामा, रागावू नका, पण यातलं भाग जातो आणि गुणाकार जुळतो तेवढंच खरं आहे.

एकच कशी? दुप्पट करा, ५०४०, तिलाही जातो. तिप्पट ७५६०, तिलाही. संपतच नाहीत. २५२० ही त्यातली सगळ्यात लहान, बस्स.

अशक्य तर कुणालाच वाटत नव्हतं. १ ते १० चा सरळ गुणाकार केला तरी ३६,२८,८०० येतात आणि त्याला सगळ्यांनी भाग जाणारच. सगळ्यात लहान शोधायची म्हणजे आपला शाळेतला लसावि, त्याची रीत युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच दिलीय, आणि आपल्याकडे महावीराचार्य या गणितज्ञांनी इ.स. ८५० च्या सुमारास गणितसारसंग्रह या ग्रंथात लसाविला 'निरुद्ध' असं नावसुद्धा दिलं, हे कोणी फॉरवर्ड करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता कॅलेंडर. ७×३०×१२ हा गुणाकार बरोबर आहे, पण कारण ते नाही. माडांच्या भाटातले नारळ ८ जणांत सारखे वाटायचे तर संख्येत २ हा तीनदा पाहिजे, ९ जणांसाठी ३ हा दोनदा, मग ५ आणि ७ एकेकदा. ८×९×५×७, झाले २५२०. २ आणि ४ आठातच आले, ३ नवात आला, ६ आणि १० ला वेगळं काही लागतच नाही. ३० आणि १२ फोडले की हेच २, ३, ५ बाहेर पडतात म्हणून जुळतं. आणि आपला चांद्रमास तर साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तर अधिक महिना घालावा लागतो ना.

राहिले रामानुजन. त्यांनी १९१५ साली याहून कितीतरी खोल काम छापलं: आपल्यापेक्षा लहान कुठल्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्या. २५२० त्यातलीच, तिला ४८ विभाजक. पण त्यांची यादी पार ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते, तिला १०,०८० विभाजक, आणि तेव्हा कॉम्प्युटर नव्हता! एवढ्या यादीत एकच संख्या सुटली, २,९३,३१,८६,२५,६००. तिला २३ ने गुणून बघा, यादीतली शेवटची संख्या येते.