गाडो बंद असतो तेव्हाचं काय?

व्हेंडिंग मशीनवरच्या माझ्या लेखाखाली फोंड्याच्या एका वाचकांनी लिहिलंय: ‘गोव्यात पावलापावलावर गाडो आहे. गरम भाजीपाव सोडून काचेतल्या पाकिटाला कोण विचारतो? तुमचं मशीन एकतर गाडेकाराच्या पोटावर पाय देईल, नाहीतर गंजून पडेल.’

तुमचा राग कळतो, आणि भाजीपावाचं तर शंभर टक्के मान्य. पण गाडो कुठे आणि केव्हा नसतो, तेही बघा. मागच्या पावसात वडील हॉस्पिटलात होते. रात्री दोनला फाटकाबाहेरचे सगळे गाडे ताडपत्रीखाली. तळमजल्यावर मशीन होतं. क्यूआर स्कॅन केला, २० रुपये गेले, स्प्रिंग फिरली आणि बिस्किटांचा पुडा काचेपाशी लटकून राहिला. मशीनवरचा फोन नंबर पुसट, वाचता येईना. सकाळी गाडेकाराने चहा दिला. सुटे नव्हते तर म्हणाला, ‘आसूं दी, मागीर दी.’ म्हणजे राहू दे, नंतर दे. हा विश्वास मशीन देऊ शकत नाही. पण रात्री दोनला तिथे मशीनच होतं, म्हणून ते नीट चालायला हवं होतं. खाली सेन्सर असलेली मशीनं असतात. वस्तू पडली नाही तर स्प्रिंग पुन्हा फिरते किंवा पैसे परत जातात.

सुट्यांचं रडगाणं यूपीआयने संपवलं. २०१६ नंतर नव्या आकारांच्या नोटा आल्या, तेव्हा नोटा घेणाऱ्या मशीनांची पंचाईतच झाली होती.

माझ्या मते खरं दुखणं वेगळंच आहे. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. २० रुपयांची बाटली मशीननेही २०लाच विकायची, आणि जागेचं भाडं, फ्रिजची चोवीस तासांची वीज, माल भरणाऱ्याचा पगार, सगळं त्यातल्या मार्जिनमधून काढायचं. कपात ओतून मिळणाऱ्या कॉफीवर छापील किंमत नसते, म्हणून तिथे हिशेब जुळवायला वाव असतो. बाटली-पाकिटांना गिऱ्हाईक भरपूर आणि हक्काचं लागतं: वेर्ण्याच्या कारखान्यांतली रात्रपाळी, मडगाव स्टेशन, कॉलेजची वसतिगृहं.

गंजण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. खाऱ्या वाऱ्यात, किनाऱ्यावर उघड्यावर मशीन ठेवूच नये. तिथे गाडोच हवा.

आणि पोटावर पाय येऊ नये असं मलाही मनापासून वाटतं. म्हणून हॉस्पिटलातलं मशीन भरायचं काम फाटकावरच्या गाडेकारालाच द्यावं. रात्री नातेवाईक काय शोधत फिरतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याचाच नंबर मशीनवर ठळक लिहावा. अडकलेला पुडा सकाळी तोच काढून देईल.