बातमी खरी, पण फोडली कोणी?

आज सकाळपासून फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू, आतली माहिती पेपरला फोडणारे चांगले की वाईट. न्यू जर्सीचा दादा म्हणतो कोमी (अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेचा माजी प्रमुख) हीरो, टेक्सासचे भाऊजी म्हणतात मीडिया विकाऊ. आणि मी मध्ये एक ओळ टाकली तर दोघंही माझ्यावरच घसरले.

अरे, कोमीने कुठे काय लपवलं? ९ मे २०१७ ला ट्रम्पने त्याला काढलं, मग त्याने मित्राकरवी ट्रम्पशी झालेल्या बोलण्याच्या स्वतःच्या मेमोतला मजकूर न्यूयॉर्क टाइम्सला पोचवला, आणि जूनमध्ये सिनेटच्या कमिटीपुढे सरळ सांगून टाकलं की स्पेशल कौन्सेल, म्हणजे स्वतंत्र चौकशी अधिकारी, नेमला जावा म्हणून केलं. १७ मेलाच म्युलर नेमलाही गेला होता, २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियाच्या ढवळाढवळीची चौकशी करायला. बातमी खरीच होती, पण ठरवून सोडलेली होती, एवढं म्हटलं की मी लगेच ट्रम्पभक्त?

आमच्या सोसायटीत वॉटरप्रूफिंगच्या बिलावरून चेअरमनची चौकशी लागली तेव्हा त्या कमिटीत मी होते. रिपोर्टवर सह्या व्हायच्या आत अर्धी पानं व्हॉट्सअ‍ॅपवर! फोडली कोणी ते सगळ्यांना माहीत, ज्याला स्वतःला चेअरमन व्हायचं होतं त्याने. पानं खरी होती हो, पण चेअरमनचा खुलासा ज्या पानांवर होता ती नेमकी गायब.

अध्यक्ष निक्सनची खुर्ची घालवणाऱ्या वॉटरगेट प्रकरणात पत्रकारांना आतली माहिती देणारा तो 'डीप थ्रोट', मार्क फेल्ट, एफबीआयमधला दोन नंबरचा माणूस. १९७२ ला एफबीआयचा प्रमुख हूवर वारला, याला वाटलं आता खुर्ची आपली, निक्सनने बसवलं पॅट्रिक ग्रेला. आमच्या सोसायटीवाल्याचीच केस. आणि लोकांच्या घरात बेकायदा घुसून झडत्या घ्यायला परवानगी दिली म्हणून १९८० मध्ये हाच फेल्ट दोषी ठरला, रेगनने माफी दिली म्हणून सुटला. हो, तो नसता तर निक्सन कदाचित निसटला असता, मान्य. पण संत वगैरे म्हणू नका प्लीज.

आणि क्लिंटनच्या वेळी? क्लिंटनची चौकशी करणाऱ्या केनेथ स्टारच्या ऑफिसातून बातम्या झिरपत होत्या तेव्हा आपणच चिडलो होतो ना, स्टारच्या प्रवक्त्यावर तर त्यावरून खटला चालला (सुटला तो २००० मध्ये). तेव्हा लीक म्हणजे पाप आणि आता पुण्य, असं कसं चालेल??

पत्रकारांची अडचण कळते मला, नाव छापलं तर उद्या कोण तोंड उघडणार. नका छापू नाव. पण सांगणाऱ्याला यातून काय हवंय तेवढं तरी लिहा की. जानेवारी २०१९ मध्ये बझफीड या न्यूज वेबसाइटने दिलं की ट्रम्पनेच आपला वकील कोहेनला काँग्रेससमोर खोटं बोलायला लावलं, चॅनलवाल्यांची दिवसभर दिवाळी, आणि दुसऱ्याच दिवशी एरवी ब्र न काढणारं म्युलरचं ऑफिस म्हणालं की हे अचूक नाही.

बरं, गप्प राहून तरी म्युलरला काय मिळालं? ट्रम्पचा अ‍ॅटर्नी जनरल बार, त्याने म्युलरच्या रिपोर्टवर आधी चार पानांचं पत्र काढलं, ४४८ पानांचा रिपोर्ट त्यानंतर जवळजवळ महिन्याने, तोही काळ्या पट्ट्या मारून. तोवर ट्रम्प निर्दोष म्हणून फटाके फोडून झाले होते. म्हणजे नको ती पानं गायब करायला फोडाफोडीच लागते असं नाही, अधिकृत लेटरहेडवरही होतं ते.

आमचा तो सोसायटीवाला आता चेअरमन आहे. यंदाचा ऑडिट रिपोर्ट मागितला तर म्हणतो, मॅडम, गोपनीय आहे.